दोन दिवसांना एक पिशवी

४ नोव्हेंबर, सोमवार

हे रजिस्टर हॉस्टेलचं आहे. निवृत्त होताना तीन कोरी उचलून आणली, कुणी विचारलं नाही. रकाने छापलेलेच आहेत: नाव, बाहेर जाण्याची वेळ, परत येण्याची वेळ, कारण. सव्वीस वर्षं मॅट्रन म्हणून तीनशे मुलींचं हे लिहीत आले. आता घरात आम्ही दोघीच, मी आणि आई. तरी हातात पेन नसलं की चुकल्यासारखं होतं, म्हणून रकाने सोडून लिहिते आहे.

आज सकाळी संडासात पाणी ओतलं, ते खाली जायच्याऐवजी वर आलं. काठापर्यंत येऊन थांबलं आणि मग उपकार केल्यासारखं सावकाश उतरलं. न्हाणीच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो आहे. वासही आहे, खिडकी उघडली की जरा कमी होतो.

हे खातं बाबांचं होतं. येत्या जानेवारीत त्यांना जाऊन वर्ष होईल. ते होते तोवर संडासाची टाकी भरली हे शब्द मी या घरात ऐकले नाहीत. दर अडीच-तीन वर्षांनी गाडी बोलवायचे, स्वतः उभे राहून उपसून घ्यायचे, शोषखड्ड्याभोवती ओल येते का ते काठीनं टोचून बघायचे. आई म्हणायची, माझ्यापेक्षा टाकीचीच विचारपूस जास्त. शेवटच्या वर्षी ते अंथरुणाला खिळले आणि गाडी बोलवायची राहिली. मग आमच्याकडच्या रीतीप्रमाणे दोन महिन्यांनी, मार्चमध्ये, त्यांच्या अंत्यविधीला तीन दिवस चारशे माणूस. ते चारशे जेवले, रडले, नाचले आणि बाकीचंही इथेच करून गेले. टाकीनं तरी किती सोसायचं!

मला खरंच कंटाळा आला आहे. नवरा ताकोराडीला दुसऱ्या संसारात सुखी आहे, नोकरी संपली, वाटलं होतं आता आईजवळ निवांत बसू.

५ नोव्हेंबर, मंगळवार

बाजारातून कडक फिनेलच्या चार बाटल्या आणल्या आणि चारही ओतल्या. हॉस्टेलमध्ये फिनेलशिवाय माझं पान हलायचं नाही.

आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "तुझे बाबा थेंबभर घालू देत नसत."

"का?"

"आतले किडे मरतात म्हणायचे. तेच काम करतात म्हणे."

"आई, किडे मरावेत म्हणूनच तर ओततेय!"

तिचं वय अठ्ठ्याहत्तर, बाबांची सगळीच वाक्यं तिला वेदवाक्य.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

न्हाणीत घोट्यापर्यंत पाणी. आणि आपण आंघोळीला वापरलेलं नव्हे.

शेवटी मैला उपसणारी गाडी बोलावली. चालकाचं नाव न्वामा. पोट सुटलेला, तोंडाचा पट्टा चालू. अर्ध्या गल्लीला जागं करत गाडी फाटकातून आत घेतली, जाडजूड पाइप खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "हं मॅडम, झाकण?"

"कसलं झाकण?"

"टाकीचं हो. पाइप कुठं घालू, आभाळात?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमच्या अंगणात झाकण नाही. फाटकापासून स्वयंपाकघराच्या पायरीपर्यंत काळे आणि लाल पेव्हर ब्लॉक आहेत, मधोमध मोठी चांदणी. बाबा नऊ आठवडे शवागारात होते, तेवढ्यात घराला रंग, कुंपणाची भिंत आणि हे अंगण असं सगळं करून घेतलं. त्याशिवाय माणसाला घराबाहेर काढायचं तरी कोणत्या तोंडानं? पैसे माझ्या धाकट्या भावानं, ओफोरीनं हाम्बुर्गहून पाठवले. देखरेख माझी. लोक अजून थांबून बघतात.

न्वामानं लोखंडी सळईनं ठोकून ठोकून कान लावला. "वाळू अशी दाबून भरलीय की सगळीकडून एकच आवाज येतोय. कुणी झाकलं हो हे?"

"गवंड्यानं."

"चांगला होता गवंडी. मग उचला ब्लॉक. कुठूनही सुरू करा, कधी ना कधी सापडेलच."

मी सांगितलं की अठरा जानेवारीला वडिलांच्या वर्षाचा कार्यक्रम आहे, तोवर एकही ब्लॉक हलणार नाही.

"मग पाहुण्यांना गुडघ्यापर्यंतचे बूट घालून यायला सांगा," न्वामा म्हणाला, आणि कुंपणापलीकडच्या दोघी फिदीफिदी हसल्या.

आई तेवढ्या गडबडीत अंगणात उन्हात तिच्या बुटक्या स्टुलावर बसलेली. हल्ली तिथेच बसते, आंब्याची सावली चार पावलांवर असून. न्वामा म्हणाला, "आजी, जरा उठता का? पाइप वळवायचाय." तर म्हणते कशी, "वळव की बाजूनं. मी काय डोंगर आहे?" आणि हलली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबांचे कागद सगळे चाळले. घराचा नकाशा आहे, त्यात टाकी नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

चर्चहून आल्यावर ओफोरीचा फोन. आई शेजारी कसावाचे कंद सोलत होती, म्हणून फोन स्पीकरवर लावला.

"झाकण सापडत नाही म्हणजे काय ताई? सगळं झाकून टाक असं गवंड्याला सांगितलं कुणी?"

"कुणी नाही. त्यानं आपल्या मनानं केलं."

"असं कसं करेल? आई, तू होतीस ना तिथं?"

आईनं सुरी थांबवली, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "गवंडी घाईत होता रे."

"बरं, आई म्हणते म्हणजे तसंच असेल. पण ताई, तोडाफोडी नको हं. बाबांसाठी मी एकच गोष्ट धड केलीय. कुणी हा घोळ घातला ते मी आल्यावर बघतोच."

खरं लिहायचं तर गवंड्याला मी एवढं म्हणाले होते की खुर्च्या डुगडुगायला नकोत, अंगण सपाट हवं. एवढंच. सपाट याचा अर्थ त्यानं काय घ्यावा हा त्याचा प्रश्न.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

जानेवारीपर्यंत कसं ढकलायचं ते ठरवलं. हॉस्टेलमध्ये टंचाईत तीनशे मुली सांभाळल्या, इथे दोघी आहोत. संडासाच्या दारावर सूचना लावली: फ्लश दिवसातून एकदाच, संध्याकाळी. आंघोळीचं पाणी बादलीत धरून केळींना घालायचं. भांड्यांचं पामतेल आधी कागदानं पुसून मगच भांडी धुवायची. कारण नसताना वापर नको. आईला वाचता येत नाही, म्हणून तिला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"बरं, मॅट्रन," ती म्हणाली.

टंचाईत मी मुलींना म्हणायचे, कमी प्या म्हणजे कमी जावं लागेल. आईला तेही सांगितलं. गमतीनं. तीही हसली.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

फरक पडला! न्हाणीतलं पाणी उतरलं, संडास गुडगुडत नाही. शिस्तीला पर्याय नाही हे मी उगीच नाही म्हणत आले.

आईचंही कौतुक केलं पाहिजे. म्हातारपणी माणसं हट्टी होतात म्हणतात, पण हिनं सगळं मुकाट पाळलंय. शिवाय तिनं पहाटे फिरायला जायला सुरुवात केली आहे. सवयीनं रकान्यात लिहिलं, म्हणून इथे उतरवते. शुक्रवार, बाहेर ५.२०, परत ६.१५. शनिवार ५.२०, ६.१०. रविवार ५.१५, ६.२०. कारणाच्या रकान्यात "चालणे". गुडघ्यांसाठी चांगलंच आहे. काठी घेऊन जाते.

पिण्याच्या पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या पिशव्यांचा गठ्ठाही या वेळी पुरला. आधी आई दिवसाला तीन-चार पिशव्या संपवायची, आता कोपरा दातानं फाडते, दोन घोट घेते, तोंडाला रबर गुंडाळते आणि फ्रीजमध्ये ठेवते. दोन दिवसांना एक पिशवी. काटकसर हिच्याकडून शिकावी.

२७ नोव्हेंबर, बुधवार

हर्मटानचा कोरडा वारा सुरू झाला. उत्तरेची धूळ, सकाळी समोरचं घर दिसत नाही, खुर्चीवर बोट फिरवलं की रेघ उठते. आईचे ओठ फुटलेत, रक्त येतं. शियाच्या बियांचं लोणी लावून दिलं.

जेवणाचंही तिचं काहीतरी नवीनच. कुटलेल्या कसावाचा फुफू नको, रस्सा तर मुळीच नको. भाजलेलं केळं आणि शेंगदाणे. "कोरडं बरं वाटतं," म्हणते. एवढा बकरीचा रस्सा केला, मी एकटीनं दोन दिवस खाल्ला.

आज फिरून आली तेव्हा तिच्या ओच्यात वर्तमानपत्राचा चौकोनी घडी केलेला तुकडा होता. विचारलं, "हे कशाला? वाचायला येतंय का आता?"

"रस्त्यात मिळाला. कामाला येतो," म्हणाली आणि उशीखाली ठेवला. तिथे आणखी पाचसहा होते. वय झालं की माणसं काय काय गोळा करतात.

५ डिसेंबर, गुरुवार

परवा मतदान. दिवसभर भोंग्यांच्या गाड्या फिरताहेत, रस्ते देऊ, वीज देऊ, नोकऱ्या देऊ. कुणी माझं झाकण शोधून देईल का?

गवंड्याचा नंबर शेवटी मिळाला. तो सध्या सुन्यानीला काम करतो. मी अगदी गोड बोलून विचारलं, झाकण कुठल्या बाजूला होतं आठवतं का?

"मॅडम, नऊ महिन्यांत मी अकरा अंगणं केली. तुमचं एवढंच आठवतं की मी झाकणाला चौकट करू म्हटलं होतं, तर तुम्ही म्हणालात की माझ्या वडिलांच्या मयताला लोक आलेत का गटार बघायला. आजी पण काहीतरी सांगत होत्या तेव्हा."

मी फोन ठेवला. उद्धट मनुष्य.

संध्याकाळी आई त्याच जागी स्टुलावर. मी खुर्ची घेऊन आंब्याखाली बसले आणि तिला इकडे ये म्हटलं. म्हणाली, "मी इथंच बरी. तू ये इकडं." कोण उन्हात जाणार? आपापल्या जागी बसून राहिलो.

१४ डिसेंबर, शनिवार

ओफोरी पंधरा जानेवारीला येतोय. बायको आणि दोन्ही मुलं. आठ दिवस याच घरात राहणार म्हणतो, हॉटेल नको, मुलांना आजीचं घर बघू दे.

मी आईला ही बातमी सांगितली तर तिचा चेहराच उतरला. "त्यांना हॉटेलात ठेव," म्हणाली.

"अगं, नातवंडं! सहा वर्षांनी येताहेत."

"चार माणसं आहेत ती," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

सहा वर्षं फोनवर त्या पोरांच्या नावानं रडणारी बाई. म्हातारपणी मायाही आटते की काय? मला आत कुठेतरी फार एकटं वाटलं. आणि हेही लिहून टाकते की ओफोरी येणार म्हणून मला झोप लागत नाही. त्या गवंड्याशी तो बोलला तर? साठी गाठली मी, पण धाकट्या भावासमोर खोटी पडायची भीती अजून आहे.

२० डिसेंबर, शुक्रवार

६.४० झाले तरी आई परत नव्हती. रकाना रिकामा. मी फाटकात गेले, तर धुळीतून तिघी येताना दिसल्या. मध्ये आई, दोन्ही बाजूंनी दोघींनी धरलेली. तिचं डोकं एका बाजूला कललेलं, सपाता पायात नाहीत.

धरणाऱ्यांपैकी एक चौकातल्या सार्वजनिक संडासावर बसणारी बाई, मान्साह. कमरेला पैशांची थैली, हातात अजून वर्तमानपत्राचे कापलेले तुकडे, तिथे पुसायला देतात ते. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"तुम्हीच मॅट्रन का? यांची मुलगी?"

"हो. काय झालं? कुठं सापडली?"

"सापडली कशाला! आजी आमच्या रोजच्या. महिना उलटून गेला, पहिला नंबर यांचाच. मी कुलूप काढायच्या आधी पायरीवर बसलेल्या असतात. आज उठताना डोळ्यांपुढं अंधारी आली, तिथंच कोसळल्या."

मी म्हटलं, "ती फिरायला जाते."

मान्साह हसली नाही. "मी त्यांना म्हणायचे, आजी, तुमच्या घरी तर टाइल्सचा संडास आहे म्हणे, मग आमच्या रांगेत कशाला? तर म्हणायच्या, माझी मुलगी दुरुस्त करतेय, काम मोठं आहे. मी म्हणायचे, संध्याकाळी पण या, तुमच्याकडून पैसे नको. तर म्हणायच्या, संध्याकाळी लागतच नाही गं."

दवाखान्यात नेलं. जीभ लाकडासारखी, नाडी वेगात, लघवीत रक्त. डॉक्टर म्हणाले की मूत्रपिंडांना त्रास झालाय, किती ते दोन दिवसांनी कळेल. सलाइन लावताना नर्सला शीर सापडेना, तीनदा टोचलं.

मग तिनं वही काढून विचारलं, "पाणी किती पितात दिवसाला?"

"दोन दिवसांना एक पिशवी," मी लगेच म्हणाले. असं विचारलं की मला उत्तर येतंच.

नर्सनं मान वर केली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

२२ डिसेंबर, रविवार

रजिस्टर दवाखान्यात घेऊन आले आहे. मागची पानं चाळली. तीनशे मुलींपैकी एखादी जरी पाच मिनिटं उशिरा आली तर मला वास यायचा. ५.२०, ६.१५. ५.२०, ६.१०. सगळं माझ्याच अक्षरात आहे. कारण: चालणे.

आज ती जरा बोलली.

"आई, घरात संडास असताना तिथं का जायचीस?"

"तूच दारावर लावलं होतंस ना."

"कारण नसताना वापर नको, असं लिहिलं होतं मी!"

"मग माझ्या जाण्याला काय कारण? म्हातारीचं पोट." आणि हसली, ओठ पुन्हा फुटला. "पाणी उतरलं तेव्हा तू किती खूश होतीस. म्हटलं, अजून दोन महिनेच तर आहेत."

मी बराच वेळ तिचे पाय चोळत बसले. मग ती वर छताकडे बघत म्हणाली, "झाकण कुठं आहे ते मला माहीत आहे."

"मग सांगायचं नाही का!"

"सांगितलं होतं. मार्चमध्ये."

हो. सांगितलं होतं. मी हे आत्तापर्यंत लिहिलं नाही, आता लिहिते. ब्लॉक बसत होते, आई काळ्या कपड्यात खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, सेरवा, यांचं झाकण उघडं ठेव गं, ते रागावतील. आणि मी गवंड्यासमोर, चुलत्यांसमोर, खुर्च्या उतरवणाऱ्या माणसांसमोर तिला म्हणाले, "तू शोक कर. बाकीचं बघायला माणसं आहेत." ती वळून आत गेली. एवढं बोलून मी विसरले होते. खरोखर विसरले होते का, माहीत नाही.

"पण मग आत्ता, नोव्हेंबरात का नाही बोललीस?"

"बोलले असते तर ओफोरीनं विचारलं असतं, आई, तुला माहीत होतं तर तेव्हाच का नाही सांगितलंस? मग मी काय म्हणणार होते? तू त्याला सांगून बसली होतीस की गवंड्यानं केलं." डोळे मिटून घेतले. "मी तिथं बसत होते की रोज. म्हटलं, कधीतरी तुझ्या लक्षात येईल."

मी दवाखान्याच्या मागे जाऊन रडले. हॉस्टेलमध्ये सव्वीस वर्षांत एकदाही रडले नव्हते.

२३ डिसेंबर, सोमवार

रिपोर्ट आले. मूत्रपिंडं सावरताहेत. पण डॉक्टरांनी बजावलं, आता रोज अडीच लिटर पोटात गेलंच पाहिजे, पुन्हा असं झालं तर धोका आहे. आई मान हलवते आणि पेला तोंडाला लावून तसाच खाली ठेवते. नर्स गेली की म्हणते, "पुरे." सलाइन आहे तोवर ठीक. घरी काय करू?

ओफोरीला फोन केला. पाठ करून ठेवलं होतं, तरी अडखळले. सगळं सांगितलं. गवंडी, मार्च, सूचना, सगळं.

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला, मुलांचा गलका बंद झाला.

"ओफोरी?"

"ऐकतोय." मग म्हणाला, "ताई, मी मागं लागलो होतो ना तोडू नको तोडू नको म्हणून."

"त्यात तुझी काय चूक?"

"तुझी नाही असं नाही म्हणत मी. तू फार वाईट वागलीस तिच्याशी." आवाज घोगरा झाला होता. "उचल सगळे. चांदणी गेली तरी चालेल."

हलकं वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. फक्त खूप दमल्यासारखं झालं.

२४ डिसेंबर, मंगळवार

नाताळच्या आदल्या दिवशी कुणी येईल असं वाटलं नव्हतं, पण न्वामा आला. "आज सगळ्यांच्याच टाक्या भरलेल्या असतात, मॅडम. येशू जन्मला म्हणून पोटं काही थांबत नाहीत."

आईचं स्टूल अजून अंगणात तिथेच होतं, वर धूळ. मी ते उचललं. खालचे ब्लॉक इतरांपेक्षा स्वच्छ, गुळगुळीत. पहिला ब्लॉक मीच पहारीनं काढला. चार काळे, पाच लाल. खाली वीतभर वाळू. वाळूखाली लोखंडी कडी.

झाकण सिमेंटचं आहे. हातानं वाळू झाडली तर त्यावर खिळ्यानं ओरखडलेल्या तारखा, एकाखाली एक, बाबांच्या सरळ अक्षरात. पहिली मी अकरावीत होते त्या वर्षीची. शेवटची ऑगस्ट २०२०. म्हणजे त्यांचंही रजिस्टर होतं.

झाकण उचलल्यावर न्वामानं नाकाला फडकं न लावता आत वाकून बघितलं आणि तो चुकचुकला. "काय ओतलंत हो यात?"

"फिनेल."

"किती?"

"चार बाटल्या."

"आतली सगळी जित्राबं मारलीत. बघा, वरचा थर डांबरासारखा झालाय." बांबूनं तो थर फोडायलाच पाऊण तास गेला, मग पाइप. दोन खेपा झाल्या. शेवटी थोडा गाळ तळाशी राहू दिला. मी म्हटलं, सगळं काढा. म्हणाला, "विरजणाला ठेवावं लागतं थोडं. घरच्या बाईला हे मी सांगायचं?"

जाताना विचारलं, पुन्हा झाकणार का? मी नाही म्हटलं. कडी मोकळी राहील. अठरा तारखेला एखाददुसरी खुर्ची डुगडुगेल. डुगडुगू दे.

तो गेल्यावर खिळा शोधून बाबांच्या तारखांखाली आजची कोरली. माझं अक्षर वाकडं आलं, सिमेंट फार कडक झालंय.

संडासाच्या दारावरची सूचना फाडली. टेपचे डाग राहिले.

२८ डिसेंबर, शनिवार

आईला घरी आणलं. मान्साह भेटायला येऊन गेली, संत्री घेऊन. "आजी, आता आमच्याकडं येऊ नका हं," म्हणाली, आणि दोघी अशा हसल्या की मला जरा हेवा वाटला.

आईला पलंगावर बसवलं, पिशवी हातात दिली. तिनं मांडीवर ठेवली. मी म्हटलं, पी. "पिते मग." मी म्हटलं, आई, टाकी रिकामी आहे. "बरं झालं." म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय. "हो गं." पिशवी मांडीवरच. रबर मागितलं तिनं.

काय करावं सुचेना. मग मी उठून संडासात गेले, दार सताड उघडं ठेवलं आणि फ्लश ओढला. पाणी गरगरून एका दमात खाली गेलं. मागे वळून बघितलं तर आई मान वाकडी करून ऐकत होती. फ्लशची टाकी भरेपर्यंत थांबले, पुन्हा ओढला. गेलं. तिसऱ्यांदा ओढला तेव्हा ती ओरडली, "अगं पुरे, किती पाणी फुकट घालवशील!"

"मग पी."

तिनं पिशवीचा कोपरा दातानं फाडला. चिमटीत धरून, लहान मूल पितं तशी, मध्ये न थांबता सगळी प्यायली. रिकामी पिशवी दाबून शेवटचा थेंबही काढला. हनुवटीवरून ओघळ खाली आले, ते पुसले नाहीत.

मग हात पुढे केला. "दुसरी आण."

दुपारी ४.१०. दोन पिशव्या.

४.५० ला मला हाक न मारता काठी घेऊन उठली आणि घरातल्याच संडासाकडे गेली. परत ५.०५. कारणाचा रकाना मी मोकळाच ठेवला.